आरा मशीनचं गाइड: दुरुस्त करायचं की बदलायचं, पहिल्यापासून

फळी मधेच जाड, मधेच बारीक निघू लागली की वखारीत पहिला संशय पात्यावर जातो. पातं उतरतं, धार लागते, पुन्हा चढतं. दोन ओंडके सरळ चिरले जातात, तिसऱ्याला परत नागमोडी काप. मग नवं पातं येतं आणि थोड्याच दिवसांत तेही तसंच वागायला लागतं. या सगळ्या धावपळीत पात्याला वर आणि खाली, दोन्ही बाजूंनी आधार देणारे ते छोटे ठोकळे, म्हणजेच गाइड, कोणी बघत नाही. पात्यांवर पैसा जात राहतो आणि दोष मुठीत मावेल एवढ्या तुकड्यात असतो.

मी हे ३६ ते ४८ इंची चाकाच्या उभ्या बँडसॉ मशीनला (दोन चाकांवर पट्टीसारखं सलग पातं फिरतं ते मशीन) धरून लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात वखारीत नव्याने उभा राहणारा माणूस सहसा त्यावरच शिकतो. आडव्या मशीनलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: गाइड पात्यापर्यंत न्यायचं असतं, पात्याला गाइडकडे ओढायचं नसतं. दोन चाकांवर ताण बसला की पात्याची स्वतःची एक सरळ रेषा ठरते. लाकडाचा रेटा आल्यावर पातं त्या रेषेतून हलू नये, एवढंच गाइडचं काम. ३६ इंची चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर पातं सेकंदाला जवळपास २९ मीटर धावतं. या वेगात ठोकळ्याने पात्याला जरासं जरी एका बाजूला दाबून धरलं, तरी दिवसभर घर्षण चालू राहतं, पातं तापतं, त्याचा ताण जातो आणि शेवटी चीर पडते.

१. दोष गाइडचाच आहे का, ते आधी ठरवा

पाना हातात घेण्याआधी खराब निघालेल्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. दोष कुठे आहे ते फळ्याच सांगतात.

फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बारीक होत गेली असेल, तर गाइडला हात लावू नका. तो ट्रॉलीच्या रुळांचा किंवा ओंडका धरणाऱ्या शिकंज्यांचा दोष. काप दर वेळी एकाच बाजूला जात असेल, तर दातांचा सेट (दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना फाकवलेले असतात तो फाक) एका अंगाला जास्त झालाय किंवा एका बाजूची धार बसलीय. काप कधी डावीकडे, कधी उजवीकडे, असा नागमोडी जात असेल, तर मात्र चार कारणं असू शकतात: ताण कमी, दात बोथट, ट्रॉली जास्त जोरात रेटली, किंवा ठोकळ्यांमधली फट वाढली. यातली पहिली तीन तपासायला फारसा वेळ लागत नाही, म्हणून ती आधी तपासा. नुकतंच धार लावलेलं, आधी नीट चाललेलं पातं चढवा, ताण नेहमीएवढा द्या, ट्रॉली सावकाश न्या. तरीही नागमोड आली तर गाइड खोला.

काही खुणा मात्र थेट गाइडकडे बोट दाखवतात. मशीन रिकामं फिरताना किर्रर्र आवाज येणं, गाइडपाशी ठिणग्या उडणं, पात्यावर निळसर पट्टा उमटणं, या तिन्हींचा अर्थ ठोकळा पात्याला दाबतोय. पात्याच्या पाठीला बारीक चिरा दिसत असतील तर मागचं टेकूचं चाक जाम झालंय किंवा पातं सारखं त्यावर टेकून चालतंय. चिरा दातांमधल्या खाचेत असतील तर ठोकळा पुढे सरकून दातांना लागतो का ते बघा. धार लावताना खाच जळाली तरी तशाच चिरा पडतात, तेव्हा दोन्ही शक्यता डोक्यात ठेवा.

२. हाताशी काय हवं

पाने आणि ॲलन की तर असतातच. त्याशिवाय फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्निअर, गुण्या, दोन फुटी पोलादी सरळपट्टी, सपाट कानस, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, जाड काचेचा किंवा घासलेल्या ग्रॅनाइटचा सपाट तुकडा, रॉकेल किंवा डिझेल, तारेचा ब्रश, सेंटर पंच, चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. साधा छपाईचा कागद खिशात ठेवा. त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते आणि फट लावायला तो फार कामाला येतो.

कागदपत्रांत मशीनचं पुस्तक असेल तर उत्तमच. नसेल तर एका वहीत चाकाचा व्यास, पात्याची लांबी, रुंदी आणि गेज (जाडीचा नंबर; नंबर मोठा तेवढं पातं पातळ), मागच्या चाकाच्या बेअरिंगचा नंबर, ठोकळा बसतो त्या खाचेची मापं लिहून ठेवा. पात्याची जाडी ढोबळमानाने चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असते: ३६ इंची चाकाला २० गेज, ४२ इंचीला १९, ४८ इंचीला १८. कोणी स्वस्तात मिळतं म्हणून जाड पातं चढवलं असेल तर चाकावर वाकून वाकून त्याला चिरा पडतात आणि दोष गाइडवर येतो.

३. मशीन खरोखर बंद करा

बटण दाबलं म्हणजे मशीन बंद झालं असं समजू नका. चाकं जड असतात, मोटर बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. फळी किंवा दांडा लावून चाक थांबवायचं तर मुळीच नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि स्टार्टरवर पाटी लावा. वखारीत चारपाच माणसं वावरत असतात, वीज गेली म्हणून बंद पडलंय असं समजून कोणीतरी स्टार्टर दाबतो. हातमोजे थांबलेलं पातं हाताळताना घालायचे. फिरत्या मशीनजवळ ते काढून ठेवा, कारण मोजा अडकला तर हातही आत जातो.

४. खुणा करा, मग खोला

भुसा आणि चिकटलेला डिंक काढल्याशिवाय काही दिसत नाही. बाभूळ आणि कडुलिंबाचा डिंक ठोकळ्यावर काळ्या थरासारखा बसतो. रॉकेल लावून थोडा वेळ ठेवलं की ब्रशने सुटतो. मग मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक धारकावर, म्हणजे ठोकळा धरणाऱ्या भागावर, पंचने खूण करा: वरचा डावा एक ठिपका, वरचा उजवा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. हे चारही सारखे दिसतात, पण वर्षानुवर्षं आपापल्या जागी घासलेले असतात. अदलाबदल झाली की नवी डोकेदुखी.

खालचं गाइड विसरू नका. ते टेबलाखाली, भुशाच्या ढिगात असतं, वाकल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ते सगळ्यात वाईट अवस्थेत सापडतं. वरचं गाइड कितीही नीट लावलं तरी खालचं ढिलं असेल तर काप खालच्या अंगाला फिरणारच.

५. ठोकळ्याआधी खांब तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते अख्ख्या कामात हिचं महत्त्व सगळ्यात जास्त.

वरचं गाइड एका खांबावर वरखाली होतं. ओंडका जाड असेल तर वर, बारीक असेल तर खाली. हा खांब पात्याला समांतर नसेल, तर एका उंचीवर बरोबर लावलेली फट दुसऱ्या उंचीवर बिघडते. सकाळी बारीक लाकडावर मशीन छान चालतं, दुपारी चिंचेचा जाड बुंधा आला की किरकिर सुरू होते, आणि कोणाला कळत नाही का.

तपासणी सोपी आहे. पात्याला कामाचा ताण द्या. गाइड अगदी खाली आणा, ठोकळा आणि पातं यांतली फट फिलर गेजने मोजा. गाइड अगदी वर न्या, पुन्हा मोजा. दोन्ही मापं सारखी हवीत. पात्याच्या बाजूने हे झालं की पात्याच्या पाठीकडूनही, म्हणजे मागच्या चाकापासूनचं अंतर, तसंच दोन्ही उंचींवर मोजा. फरक आला तर खांबाच्या सरकपट्टीची झीज, ढिले बोल्ट किंवा वाकलेला कंस यांपैकी काहीतरी आहे. सरकपट्टीचे स्क्रू हळूहळू आवळत खांबाचा ढिलेपणा काढा. गरज पडली तर मागे पातळ पितळी पत्रा घाला. खांब हाताने धरून हलवला तर खडखडता कामा नये, पण वरखाली सरकताना अडकताही कामा नये. खांब सुधारल्याशिवाय महागातला ठोकळा घेण्यात अर्थ नाही.

६. ठोकळा कशाचा घ्यायचा

लाकडी ठोकळा सगळ्यात जुना आणि अजूनही चांगला. त्याला दात लागले तरी दातांचं नुकसान होत नाही, आणि वखारीत तो फुकटात बनतो. लाकूड मात्र घट्ट, वाळलेलं आणि गाभ्याचं हवं: खैर, शिसम, जुनी बाभूळ. आपल्या भागातलं अंजन मिळालं तर सोडू नका. ते इतकं जड असतं की पाण्यात बुडतं. ठोकळा असा कापा की लाकडाचा आडवा छेद, म्हणजे वर्तुळं दिसतात ती बाजू, पात्याकडे येईल. उभे तंतू पात्याकडे ठेवले तर त्याच्या ढलप्या निघतात. कापल्यावर दोन दिवस नव्या तेलात बुडवून ठेवा. इंजिनातून काढलेलं काळं तेल नको, त्यात धातूची पूड असते.

हायलम, म्हणजे बेकेलाइटची थर दिलेली शीट, हा माझा आवडता पर्याय. मोटर रिवाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. दोन प्रकार असतात, कागदाच्या थरांची आणि कापडाच्या थरांची. कापडाचीच मागा. कागदाचीचे थर पात्याच्या घर्षणाने सुटतात.

नायलॉन गुळगुळीत असतं, पण दोन अडचणी आहेत. तापलं की मऊ पडतं आणि त्यात भुसा रुतून बसतो. शिवाय ते पाणी पितं आणि फुगतं. पात्यावर पाण्याची धार सोडत असाल तर सकाळी लावलेली फट काही दिवसांत आपोआप कमी होते.

गनमेटल (कांशाच्या जातीचा मिश्रधातू) टिकतं, पण त्याला तेल किंवा पाणी सतत हवं, आणि दात त्यावर घासले तर सेट गेलाच. साध्या लोखंडाचा तुकडा मात्र कधीच लावू नका. लोखंडावर लोखंड घासून पात्याचा तेवढा भाग लाल होतो, थंड झाल्यावर काचेसारखा कडक होतो आणि पुढे तिथूनच पातं तुटतं.

काही मशीनना ठोकळ्याऐवजी बेअरिंगची चाकं असतात. तिथे दुरुस्तीच्या फंदात पडू नका. हाताने फिरवून खरखर लागली किंवा बाजूला हलवून ढिली वाटली, तर जोडी बदला. घेताना रबरी सीलचं बेअरिंग घ्या. पत्र्याच्या झाकणातून बारीक भुसा आत जातो.

७. घासायचं की बदलायचं

ठोकळ्याच्या तोंडावर सरळपट्टी ठेवा आणि खाली उजेड बघा. खड्डा एक-दीड मिलिमीटरचा असेल आणि धारकात घट्ट बसण्याइतकी जाडी उरणार असेल तर घासून सपाट करा. तडा गेला असेल, कडा जळून काळ्या झाल्या असतील, थर सुटले असतील किंवा धारकाचा स्क्रू आवळायला पुरेसा भाग शिल्लक नसेल, तर बदला. समोरासमोरचे दोन्ही एकदमच बदला किंवा घासा. एक नवा आणि एक जुना ठेवला तर नवा पात्याला रेटतो.

घासताना ठोकळा हातात धरून त्यावर कानस चालवू नका, तोंड हमखास गोल होतं. काचेवर ८० नंबरचा पेपर चिकटवा, ठोकळा त्यावर सपाट ठेवून आठच्या आकड्यासारखा फिरवा, शेवटी १२० वर तेच करा. पेन्सिलीने तोंडावर आडव्या रेघा मारून ठेवा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की तोंड सपाट झालं. मग गुण्या लावून तोंड आणि बैठक काटकोनात आहेत का ते बघा.

नवा ठोकळा घेताना जुन्या झिजलेल्या ठोकळ्याचं माप देऊ नका. धारकाच्या खाचेचं माप द्या.

८. व्हाइट मेटलचं गाइड असेल तर

एकाच वेळी अनेक फळ्या चिरणाऱ्या, गोल पात्यांच्या काही मशीनमध्ये गाइडवर व्हाइट मेटल भरलेलं असतं. १८३९ मध्ये अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी काढलेला हा मिश्रधातू, म्हणून काही जण त्याला बॅबिटही म्हणतात. यातल्या फटी बँडसॉपेक्षा खूप कमी असतात आणि त्या मशीनच्या पुस्तकाप्रमाणेच लावाव्या लागतात. नव्या माणसाने हे भरण्याचं काम स्वतः करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या तेल इंजिनांचे बेअरिंग भरणारे कारागीर शोधा.

पण काम चालू असताना समोर उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. साचा आणि गाइड आधी गरम करून पूर्ण कोरडे केलेत का? पाण्याचा एक थेंब राहिला तर वितळलेला धातू फुटल्यासारखा अंगावर उडतो. धातू योग्य तापलाय का? कोरडी लाकडी काडी बुडवली की ती करपली पाहिजे, पेट घेता कामा नये. आणि जागा मोकळ्या हवेची आहे का? काही व्हाइट मेटलमध्ये शिसं असतं, त्याचा धूर आणि घासताना उडणारी पूड दोन्ही वाईट. हात धुतल्याशिवाय चहालाही बसू देऊ नका. भरून झाल्यावर तोंड मिलिंग मशीनवर सपाट करून घ्या, कानशीने नाही.

९. बसवणं: क्रम मोडू नका

आधी पातं, मग मागचं चाक, मग बाजूचे ठोकळे.

सगळे ठोकळे आणि मागचं चाक मागे सरकवून ठेवा. पात्याला कामाएवढा ताण द्या आणि चाक हाताने फिरवून पातं चाकाच्या कडेवर जागेवर चालतंय ना ते बघा. ढिल्या पात्यावर गाइड लावणं हा सगळ्यात मोठा सापळा आहे. ताण आला की पात्याची जागा बदलते आणि सगळी मेहनत वाया जाते.

मागचं चाक पात्याच्या पाठीपासून अर्धा ते एक मिलिमीटर मागे ठेवा. रिकामं चालताना ते फिरता कामा नये. लाकडाचा रेटा आला की पातं मागे टेकावं आणि तेव्हाच ते फिरावं.

आता एका बाजूचा ठोकळा कागद मधे ठेवून पात्यापर्यंत आणा आणि आवळा. सरळपट्टी पात्यावर उभी धरून बघा की ठोकळ्यापाशी पातं जरासंही बाहेर फुगत नाहीये. पट्टी पात्याच्या अंगावर ठेवा, दातांवर नको, कारण दात फाकलेले असतात आणि पट्टी उचलली जाते. मग दुसऱ्या बाजूचा ठोकळाही तसाच कागद ठेवून लावा. आवळताना ठोकळा स्क्रूबरोबर थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर कागद पुन्हा सरकवून बघा. थोडासा अडकत निघाला म्हणजे बरोबर.

ठोकळ्याची पुढची कड दातांच्या खाचेच्या एक-दोन मिलिमीटर मागे हवी. पातं मागे टेकल्यावरही दात ठोकळ्यात शिरता कामा नयेत. धार लावून लावून पात्याची रुंदी कमी होत जाते, म्हणजे अरुंद झालेलं पातं चढवलं की हे अंतर पुन्हा लावायचं.

शेवटी चाक हाताने फिरवत पातं पूर्ण एक फेरा न्या. पात्याचा जोड गाइडमधून जाताना अडखळला तर जोड घासा, फट वाढवू नका.

१०. चाचणी

दहा मिनिटं रिकामं चालवा. आवाज नको, ठिणगी नको. बंद करून, चाकं थांबल्यावर ठोकळ्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. पहिला ओंडका निलगिरी किंवा आंब्यासारखा घ्या, वरचं गाइड लाकडाच्या इंचभर वर आणा आणि ट्रॉली सावकाश न्या. फळी सहा ठिकाणी मोजा: सुरुवात, मध्य, शेवट, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही कडा. हाताच्या ट्रॉलीवर एक मिलिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. मग बाभळीवर जा.

११. आपल्या हवेत आणि आपल्या लाकडात

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सहा मीटर लांबीचं पातं २० अंशांनी तापलं तर ते जवळपास दीड मिलिमीटर लांबतं. वजनाच्या दांड्याने ताण धरणारी मशीन हे आपोआप सांभाळतात, नुसत्या स्क्रूवर ताण असेल तर सकाळचा ताण दुपारी उरत नाही. अशा मशीनवर दुपारच्या सुट्टीनंतर ताण पुन्हा बघून घ्या, नाहीतर नागमोड आली की उगीच गाइड आवळलं जातं. संध्याकाळी काम संपल्यावर ताण ढिला करायलाही विसरू नका, रात्री पातं थंड होऊन आखडतं.

पात्यावर पाणी सोडत असाल तर बोअरचं खारं पाणी गंज धरवतं. जमलं तर गोडं पाणी वापरा आणि दिवस संपताना डिझेलचा बोळा फिरवा.

शेताच्या बांधावरच्या झाडांत काटेरी तार, कुंपणाचे खिळे, गुरं बांधायच्या कड्या आत वाढलेल्या असतात. जुन्या वाड्याचं सागवान तर खिळ्यांनी भरलेलं. साल काढून, गंजाचे काळे डाग बघून, शक्य असेल तर मेटल डिटेक्टर फिरवून मगच ओंडका ट्रॉलीवर घ्या. लोखंड लागलंच तर नुसते दात बघून पुढे जाऊ नका. त्या झटक्याने ठोकळा सरकलेला असतो, चारही फटी पुन्हा कागदाने तपासा.

वहीत तारीख, कोणता ठोकळा, कशाचा, आणि किती दिवस चालला एवढं लिहीत जा. दोनतीन वेळा बदलल्यावर तुमच्या मशीनला कोणता ठोकळा मानवतो ते वहीच दाखवेल. आणि खांब किंवा चाक इतकं खराब झालं असेल की मशीनच जागेवरून हलवून कारखान्यात न्यावं लागेल, तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून आरा गिरण्यांच्या परवान्यांवर कडक नजर असते. परवान्याची प्रत आणि दुरुस्तीचा लेखी अर्ज सोबत न्या, आणि तिकडून लेखी उत्तर मिळाल्यावरच पायाचे बोल्ट सोडा.